तुझ्या घरात आधी कोण शिकलं?

शाळेसमोरच्या आजींना आमच्या बॅचमधलं कुणी विसरलं असेल असं मला वाटत नाही. नवं पोर दिसलं की त्या आधी गाव विचारायच्या आणि लगेच, "तुज्या घरात आधी कोन शिकलं?" पोरानं काहीही सांगितलं, तरी त्यानंतर आजींच्या घराण्याची गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नसायची.

जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. तो विचार पुढं सातारा भागातल्या खेड्यांत पोचला आणि आजींच्या आज्ज्यानं भटजीवाचून लग्न लावलं. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी बायकांचे हक्क मागते आणि नवरा ते द्यायची शपथ घेतो. आजी हा नवरीचा भाग खड्या आवाजात म्हणून दाखवायच्या. भावकीनं त्या जोडप्याला वाळीत टाकलं होतं, हे सांगताना त्यांची मान आणखी ताठ व्हायची.

त्या जोडप्याचा मुलगा, म्हणजे आजींचे वडील, साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकले. अण्णांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात हे बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं आपली आपणच करायची. १९२७ साली गांधीजी बोर्डिंग बघायला आले, तेव्हा वडील तिथंच होते. पण आजी गांधीजींपेक्षा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींबद्दल जास्त बोलायच्या. पोरांच्या जेवणासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. गावोगावच्या बायका जात्यावर बसताना बोर्डिंगसाठी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, तोच मुष्टिफंड. आजींच्या आज्जीचीही त्यात मूठ असायची. आजींनी ती रीत मोडली नाही. सुगी झाली की आपल्या शाळेच्या वसतिगृहाच्या कोठीत त्यांच्या घरची ज्वारी येऊन पडायचीच.

गावात काहीजण म्हणायचे, म्हातारी घराण्याचा तोरा मिरवते. मला ते कधीच पटलं नाही. त्यांच्या घराण्यात पाटिलकी नव्हती, वाडा नव्हता. वाळीत पडलेला आज्जा आणि दुसऱ्यांच्या पोरांसाठी धान्य काढणारी आज्जी, हेच त्यांचं मोठेपण, आणि ते अभिमानानं सांगायलाच हवं होतं.

मी पाचवीत आले तेव्हा मलाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. माझी आई ऊसतोडीला जायची, वडिलांना सहीसुद्धा येत नव्हती. "कुनीच न्हाई," मी म्हणाले. आजींनी मला ओट्यावर शेजारी बसवलं. "मग तुज्यापास्नंच सुरू. उद्या तुजी नातवंडं तुजं नाव सांगतील. शाळा सोडू नगंस." नववीत माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा आजी स्वतः आमच्या खोपीवर आल्या आणि आईशी बोलत बसल्या. मी दहावी झाले, पुढं नर्सिंग केलं. आज जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे.

आजी जाऊन काही वर्षं झाली. शाळेच्या महोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात आपल्या सगळ्यांची नावं आहेत. त्यांतले आपापल्या घरातून पहिल्यांदा शाळेत आलेले कोण, ते माजी विद्यार्थ्यांना विचारून एक यादी करावी आणि वाचनालयात लावावी. या कामाला मी सुट्टी काढून येईन.