मांगरावरचा फिरता कॅमेरा

"साब, कॅमेरा रात को अपने आप घूमता है," बागेतला गुरखा फोनवर सांगत होता. मी अर्धवट झोपेत होतो. उंदराने वायर कुरतडली असेल, म्हणून मोकळा झालो. देवगड तालुक्यात सीसीटीव्ही लावायचा माझा धंदा आणि ऐन हापूसच्या हंगामात चोरांची धास्ती वाढलेली, त्यामुळे एप्रिलात मला जेवायलाही फुरसत नसते. दोन दिवसांनी गुरखा सरळ म्हणाला, मी आता मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, झोपणार नाही. तेव्हा मग गेलो.

बागवाल्या काकींनी कॅमेऱ्याखाली नारळ ठेवला होता. "राखणदाराक ह्यो कॅमेरो आवडाक नाय. काढून ने तू." राखणदार म्हणजे जागा राखणारी अदृश्य शक्ती. त्याच्या गोष्टीला आमच्याकडे कोणी हसत नाही, मीही हसलो नाही. डोंबिवलीतल्या त्यांच्या मुलाला फोन लावला. कॅमेरा मोबाइलवर तोच बघतो, रात्री फिरवतही असेल. तो उलट माझ्यावरच वैतागला, "रात्री अडीचला मी कशाला आंबे बघू?"

रेकॉर्डिंग मागे नेलं. 2 वाजून 37 मिनिटं. बागेकडे तोंड असलेला कॅमेरा हळूच वळतो. अढीवर थांबत नाही, क्रेटवर थांबत नाही. गुरख्याच्या बाजेवर येतो, झूम करतो. बराच वेळ तसाच. मग खळं ओलांडून घराच्या मागीलदारी जातो आणि न्हाणीच्या दारावर स्थिरावतो. नारळ ठेवणाऱ्या काकी त्याच दाराने पहाटे पाणी तापवायला जातात.

डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, लॉग उघडला. कोण कधी आत आलं याची त्यात नोंद असते. नऊ रात्री कोणीतरी 'अ‍ॅडमिन' म्हणून आत आला होता. आयपी पत्ता, म्हणजे त्याचा नेटवरचा पत्ता, परदेशातला. त्यावरून माणूसही परदेशातला असं म्हणता येत नाही, मधे कोणाचं तरी हॅक झालेलं मशीनही असू शकतं. तो कसा शिरला, हे मात्र मला लॉग न बघताही कळलं असतं. दोन वर्षांपूर्वी मुलाला घाई होती आणि अ‍ॅप काही केल्या चालत नव्हतं, म्हणून मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून बाहेरच्या नेटवरून डीव्हीआरपर्यंत थेट वाट काढून दिली होती. पासवर्ड 123456. 'नंतर बदला हां,' असं तोंडाने सांगितलेलं. नंतर कोण बदलतो?

असं उघडं दार शोधायला कोणाला देवगड माहीत असावं लागत नाही. प्रोग्राम रात्रंदिवस एकेक आयपी ठोठावत फिरत असतात. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने कंपनीच्या ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशा उपकरणांनी साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर एवढा मारा केला, की ट्विटरसारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. हे मी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. ऐकून परत आलो आणि पुढच्याच गिऱ्हाइकाकडे पुन्हा 123456 टाकला. डीव्हीआर म्हणजे आपला टीव्हीखालचा डबा. तो कॉम्प्युटर आहे हे डोक्यात बसतच नाही.

नेटची वायर उपटली. मुलाच्या सांगण्यावरून लॉग आणि रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं, पोलिसात द्यायला. मग डीव्हीआर रिसेट, नवं फर्मवेअर, राउटरमधलं पोर्ट बंद. यूपीएनपी पण बंद, नाहीतर डबा स्वतःच पुन्हा वाट उघडून बसतो. लांबलचक पासवर्ड मुलाकडून टाकून घेतला. अ‍ॅपही या वेळी चालवून दाखवलं.

काकी इतका वेळ दारात उभ्या होत्या. सांगावं की नको, असं झालं. पण दार त्यांचं होतं, सांगितलं.

"म्हणजे राखणदार नाय, माणूसच बघी होतो?"

मी मान हलवली. त्या आत गेल्या, गोणपाट घेऊन आल्या आणि गुरख्याला शिडीवर चढवलं. पासवर्ड कितीही लांब असू दे म्हणाल्या, रात्री ह्येच्यार गोणपाट.

बिल मी केलं नाही. गाडीवर बसून मागच्या दोन वर्षांची वही काढली. त्यात एकतीस गिऱ्हाइकं होती, दोन होमस्टे आणि एक दवाखाना धरून. पासवर्डचा रकाना मी आखलाच नव्हता, सगळीकडे एकच तर होता. जामसंड्याच्या नाक्यावर गाडी बाजूला लावली आणि पहिला फोन दवाखान्यात लावला.