तुम्ही विचारलंत म्हणून: नवीनच घेतलं तर?

होळी झाली की सुरू होतं. माळ्यावरून कूलर उतरतात, मोटर जळालेली निघते, आणि माझ्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ती ठेवून माणूस विचारतो, "भाऊ, वाइंडिंग भरण्यापेक्षा नवीनच घेतली तर?" यंदा कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी आली. त्यांचा प्रश्न उलटा होता: "काका, तुम्ही हे पर्यावरणासाठी करता ना?" सीझनमध्ये मी दोघांनाही धड उत्तर देत नाही. आता पाऊस लागलाय, तर बसून लिहितो.

मुलांनो, नाही. पोटासाठी करतो. मी भरलेली मोटर नागपूरच्या भांडेवाडीतल्या कचऱ्याच्या ढिगावर जात नाही हे खरं, पण ते डोक्यात ठेवून कोणी सकाळी शटर उघडत नाही.

मोटरीचं सोपं आहे. जळते ती आत गुंडाळलेली तार, तेच वाइंडिंग. तिच्यावरचा इनॅमलचा लेप जातो, टर्न म्हणजे वेढे एकमेकांना टेकून शॉर्ट होतात. लोखंड, फिरणारा रोटर, शाफ्ट, सगळं शाबूत असतं. टर्न मोजायचे, गेज म्हणजे तारेची जाडी बघायची, तेवढंच तांबं परत भरायचं, वार्निश, बुश, झालं. जुनी तार लवकर निघावी म्हणून मोटर पेटवून देणारे आहेत. त्यात लोखंडी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, मोटर कायमची गरम चालते आणि बदनामी आम्हा सगळ्यांची होते. नवीन स्वस्त मोटरीत बरेचदा अ‍ॅल्युमिनियमची तार असते, ती तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहते. म्हणून जुनी तांब्याची असेल तर भरा. इथवर मी आजही ठाम आहे.

पण मी इथवर थांबत नव्हतो. इतवारीत शिकत होतो तेव्हापासून तोंडात एकच वाक्य: दुरुस्त होत नाही अशी वस्तूच नाही, करणारा पाहिजे.

मग तो पंप आला. मे महिना, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, दुकानात उभं राहायला जागा नाही. मानेवाड्याकडचा एक पोरगा कूलरचा पंप घेऊन आला. वायर उंदराने कुरतडलेली, पंपापासून वीतभर अंतरावर. तो नवीनच मागत होता. मीच म्हटलं, "नवीन कायले घेता? पंप चांगला आहे." कुरतडलेला तुकडा कापला, जोड दिला, टेप मारली दोन वेढे जास्त. साठ रुपये.

तो जोड पाण्यात बुडणार होता. मला माहीत होतं. टेप किती दिवस टिकते हेही माहीत होतं. "सीझनभर चालेल," असं मी मनात म्हणालो, त्याला बोललो नाही.

तीन आठवड्यांनी त्याचे वडील पाइपने पाणी भरत होते. कूलर लोखंडी, पाय ओले, स्विच चालू. हात पत्र्याला चिकटला. सुनेने प्लग ओढला म्हणून वाचले. तळहात भाजला, चार दिवस दवाखान्यात होते.

पोरगा पंप पिशवीत घालून आला. मला वाटलं मारतो. त्याने पिशवी ठेवली आणि म्हणाला, "तुम्हीच म्हणाले होते ना." बस.

मी काय केलं? घरात अर्थिंग आहे का विचारलं. नव्हतं, प्लगची मोठी, अर्थिंगची पिनच तुटलेली. भरताना स्विच बंद करा हे मी प्रत्येकाला सांगतो, हेही ऐकवलं. वीज गळली की तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर असता तर क्षणात वीज तुटली असती, हेसुद्धा. एकही गोष्ट खोटी नव्हती. आणि पाण्यातला जोड माझा होता. त्याच्याकडे नवीन पंपाचे पैसे होते, तो देतही होता.

तेव्हापासून पाण्यात बसणारी वस्तू मी उघडत नाही. लोक म्हणतात घाबरला. घाबरलोच.

छताच्या पंख्याचं तर मला अजून कळत नाही. जुना ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे आत सर्किटवर चालणाऱ्या मोटरीचा, तिसाच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. मग जुन्यात तांबं भरून मी कोणाचं काय वाचवलं? पण त्या नव्याचं सर्किट गेलं की माझ्याकडे आणतात, आणि पार्ट मिळत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, असं त्या मुलांनीच सांगितलं. चांगलं आहे. माझ्या टेबलावर अजून एकही बोर्ड त्यामुळे सुधारलेलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एक काकू पंप घेऊन आल्या. तशीच वायर. मी म्हटलं, नवीनच घ्या. त्या मला लुटारू समजून समोरच्या दुकानात गेल्या. तिथे ऐंशी रुपयांत टेप मारून मिळालं. मी इथून बघत होतो. माझ्या पुढ्यात तीन गिऱ्हाइकं होती. मी उठलो नाही.