तुम्ही विचारलंत म्हणून: गुन्हेगारांची बाजू आणि शाळेतली खिचडी

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, या संघटनेचा सभासद झालो. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत असो की बँकेतल्या पेन्शनच्या रांगेत, एक प्रश्न हमखास येतो: “गुरुजी, ही मानवी हक्कवाली मंडळी गुन्हेगारांचीच बाजू का घेतात? आणि तुम्ही त्यांच्यात कसे?” विचारणाऱ्याचा राग खोटा नसतो. परवा ज्यांनी विचारले, त्यांच्या धाकट्या भावाच्या घरी दरोडा पडला होता आणि वहिनींच्या हातातल्या पाटल्या ओरबाडून नेल्या होत्या.

या प्रश्नाला सरळ भिडायचे तर मुंबईतल्या चकमकींपासून सुरुवात करावी लागते. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली आणि त्यांविषयी पीयूसीएल न्यायालयात गेली. ती माणसे निर्दोष होती, असे ठरवून घेण्यासाठी हा खटला नव्हता. त्यांच्यातला कोण गुंड आणि कोण नाही, हे कोणत्या न्यायाधीशाने ठरवले, एवढेच विचारायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ निर्देश दिले. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्य पुरस्कार देऊ नये, असे त्यांत आहे. यातले कोणते कलम गुंडाच्या सोयीचे आहे, असे मी उलट विचारतो, तेव्हा बहुतेक जण विषय बदलतात.

संघटनेचा जन्मच अशा प्रश्नातून झाला. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले, की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्ध माणसाला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. आणि त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांनी ही संघटना उभी केली. पुढे तिची धुरा वाहणारे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे मूळचे सासवडचे, हे पुणे जिल्ह्यातल्या लोकांनाही सांगावे लागते. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात असलेली माणसेही सरकारी कागदावर धोकादायकच होती. संघटना कोणत्याही निधी देणाऱ्या संस्थेकडून पैसे घेत नाही, खर्च सभासदच करतात, त्यामुळे “तुम्हाला परदेशातून पैसा येतो” या दुसऱ्या ठरलेल्या आरोपाला मी वर्गणीची पावती दाखवतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: मी त्यांच्यात कसा?

मी शिकवत होतो तेव्हा सुरुवातीला महिन्यातून एकदा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो तांदूळ मिळत असे. तांदूळ घरी जाई आणि घरातल्या सात तोंडांत वाटला जाई. मधल्या सुट्टीत मात्र काही मुले हौदावर जाऊन नुसते पाणी पिऊन येत. मग एके वर्षी शाळेत चूल पेटली. हळदीच्या वासाने तिसरा तास घेणे अवघड होऊन बसले, आणि पहिला घास मास्तरांनी खाऊन चव नोंदवहीत लिहायची, हे नवे काम आमच्या मागे लागले. ही सारी शासनाची कृपा, अशी माझी समजूत होती. निवृत्तीनंतर कळले, की २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ असताना, अन्न महामंडळाची गोदामे भरलेली असूनही माणसे उपाशी का, असा जाब विचारणारी याचिका पीयूसीएलने केली होती. आणि त्याच प्रकरणात २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून निदान २०० दिवस द्यायला राज्यांना बांधून घातले होते. मतदान यंत्रावरचे ‘नोटा’चे बटनही २०१३ मध्ये याच संघटनेच्या याचिकेतून आले. त्याआधी कोणालाच मत द्यायचे नसेल, तर तसे केंद्राध्यक्षाला सांगून, सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींदेखत नोंदवहीत सही करावी लागे. निवडणुकीच्या कामावर असताना तशी सही करणारा एकही मतदार मला भेटला नाही.

परवाचे प्रश्नकर्ते आमचे जुने केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. चव नोंदवहीत सही नसली, तर पंचनामा करावा तसे खडसावणारे तेच. खिचडीमागचा याचिकाकर्ता कोण, हे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले, “हे ठाऊक नव्हते हो गुरुजी,” म्हणाले, आणि पुन्हा पाटल्यांकडे वळले. दरोड्याचा तपास अजून लागलेला नाही; त्याविषयी वरिष्ठांना करायचा अर्ज मी त्यांना लिहून दिला आहे.