पावणेचौदा मीटरवरची पेनल्टी

रात्री साडेअकराला सहज तक्ता चाळत होते, आणि एक ओळ डोळ्यांत खुपली. फटका क्रमांक 31, प्रकार पेनल्टी, अंतर 13.75 मीटर. फुटबॉलमध्ये पेनल्टी 11 मीटरवरून मारतात, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असतं. माझा रिपोर्ट जाऊन चार दिवस झाले होते. निवडीची यादीही लागली होती.

नोकरी म्हणून मी फुटबॉलचे सामने टॅग करते. नाशिकला गंगापूर रोडवरच्या ऑफिसात हेडफोन घालून बसायचं आणि युरोपातल्या सामन्यांतला प्रत्येक पास, टॅकल, फटका मैदानाच्या नकाशावर टिपायचा. एका सामन्याच्या दोन-तीन हजार नोंदी होतात. नातेवाइकांना वाटतं हिला मॅच बघायचे पैसे मिळतात. सहा महिन्यांत मॅच दिसेनाशी होते, नुसते ठिपके दिसतात.

रविवारचं काम वेगळं. एका अकादमीने सतरा वर्षांखालच्या मुलांची ट्रायल घेतली. दोन गट, प्रत्येकाचे तीन सामने. एक गट देवळालीकडच्या पूर्ण मापाच्या मैदानावर खेळला, दुसरा सातपूरकडे एका शाळेच्या मैदानावर. शेजारच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून मी शूटिंग केलं आणि घरी बसून प्रत्येकाचा एक्सजी काढला.

एक्सजी म्हणजे त्या जागेवरून तसा फटका मारला तर गोल होण्याची शक्यता, 0 ते 1 मधला आकडा. आधीचे हजारो फटके तपासून मॉडेल तो काढतं. पेनल्टीला साधारण 0.76 धरतात. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनाच्या, बाहेरून मारलेल्या फटक्याला बऱ्याचदा 0.05 सुद्धा मिळत नाही. सगळ्यात जास्त वजन दोन गोष्टींना, अंतर आणि गोलचा कोन, म्हणजे त्या जागेवरून गोल किती रुंद दिसतो ते. एखादा तीन-चार मीटर मागे सरकला की आकडा झपाट्याने उतरतो.

सातपूरच्या गटातल्या एका स्ट्रायकरने तीन गोल केले होते. त्याच्या एक्सजीची बेरीज एकच्याही खाली. मी लिहिलं, ‘लांबून मारण्याची सवय. गोल नशिबाचे, टिकणार नाहीत.’ हे वाक्य लिहिताना मला फार हुशार वाटलं होतं.

आता घोटाळा. गच्चीवरून दिसणाऱ्या चित्रात मैदानाचे चार कोपरे दाखवले की सॉफ्टवेअर त्यावर नकाशा ताणून बसवतं, आणि तो नकाशा 105 बाय 68 मीटरचा. माप बदलायचा रकाना सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे. ऑफिसात येणारी मैदानं जवळपास त्याच मापाची असतात, त्यामुळे त्या पानावर मी कधी गेलेच नव्हते. बरं, पेनल्टीला मॉडेल ठरलेला आकडा देतं, अंतर बघतच नाही. त्यामुळे बेरजेतही काही खटकलं नाही.

सकाळी सहाला पन्नास मीटरची टेप घेऊन शाळेवर गेले. दुसरं टोक वॉचमनकाकांनी धरलं. पावसाने फक्कीच्या रेषा धुऊन गेल्या होत्या, पण कोपऱ्यांतले लोखंडी पाइप जागेवर होते. लांबी 84 मीटर. नियमात किमान 90 लागते. 105 भागिले 84 म्हणजे सव्वापट. पोराने 12 मीटरवरून मारलेला फटका मी 15 मीटरवर नोंदवला होता, 16 वरचा 20 वर. देवळालीच्या मुलांचे फटके मात्र आपापल्या जागी.

आमच्या धंद्यात चार्ल्स रीपचा किस्सा सांगतात. 1950 साली इंग्लंडमधल्या स्विंडन क्लबच्या सामन्यात हा माणूस वही-पेन्सिल घेऊन बसला आणि पुढे वर्षानुवर्षं नोंदी करत राहिला. त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात, म्हणून चेंडू लवकर पुढे हाणा. पण मुळात बहुतेक चाली तेवढ्याच पासांत संपतात, हे त्याने धरलंच नाही. नव्या मुलांना हा किस्सा मीच हसत हसत सांगते.

अकादमीच्या कोच सरांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, तुझ्या आकड्यांवर नाही काढला त्याला. दोनदा उशिरा आला होता, आणि डाव्या पायाने मारताच येत नाही त्याला. डावा पाय नाहीच म्हण.” मला हायसं वाटलं. दोन तासांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. नंबर सरांनीच दिला होता. वडिलांना सांगितलं होतं, “कॉम्प्युटरमध्ये बसला नाही.” आकडे वाचायचे नाहीत, पण त्यांच्या आड उभं राहायचं, हे आता सगळ्या कोचना जमायला लागलंय.

वडील अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर. आवाज चढवला नाही.

“ताई, कॉम्प्युटरला काय दिसलं त्याचं?”

मी सगळं सांगितलं. कोपरे, सव्वापट, न उघडलेलं पान. ते मधे एकदाही बोलले नाहीत.

“म्हणजे मापाचा गेज दुसऱ्याच जॉबचा लावला,” ते म्हणाले. “आमच्याकडं शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर पीसवर, म्हणजे माप पक्कं ठाऊक असलेल्या तुकड्यावर, गेज चेक करतात. तुमच्याकडं नसतो का?”

होता की. दर सामन्यात दोन पेनल्टी स्पॉट होते, बरोबर 11 मीटरवर. एकदाही ताडून बघितलं नाही.

नव्या मापाने सगळे फटके पुन्हा बसवले. त्याची बेरीज जवळपास दुप्पट झाली, आणि आपल्या गटात तो दुसरा आला. डावा पाय खरंच नाही, तीनही गोल उजव्यानेच.

दुरुस्त रिपोर्ट सरांना पाठवून आज नऊ दिवस झाले. निळ्या खुणा पहिल्याच दिवशी आल्या.