पलाऊ पाहायचा तर उन्हातच

बार्सिलोना, शनिवार रात्र

आज पलाऊ दे ला म्युझिका कातालाना, म्हणजे इथलं संगीत मैफलींचं सभागृह. तिकीट घ्यायचं ते दुपारच्या आसपासच्या फेरीचं, आणि शक्यतो ऊन असलेल्या दिवसाचं. सभागृहाच्या छतातून रंगीत काचेचा मोठा घुमट उलटा होऊन खाली उतरलाय: मधोमध सोनेरी, कडेकडेने निळा, भोवती बायकांचे चेहरे, जणू एक गायकवृंदच. आंतोनी रिगाल्तचं काम. ढग आले की सोनेरी रंग लगेच मंदावतो.

एवढी काच भिंतींनी पेलली कशी? पेललीच नाही. ल्युईस दोमेनेक इ मुंतानेरने १९०५ ते १९०८ मध्ये ही वास्तू पोलादी सांगाड्यावर उभी केली. भार सांगाड्यावर गेला, भिंती मोकळ्या झाल्या, म्हणून दोन्ही बाजूंना काचच काच.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवावा तो रंगमंचामागच्या अर्धगोल भिंतीसाठी. तिथे १८ संगीतदेवता आहेत, हातांत वाद्यं. कमरेच्या वरचा भाग उठावात, एउसेबी आर्नाऊचा. खालचे घागरे मात्र सपाट, ल्युईस ब्रूच्या मोझॅकचे. त्यामुळे त्या भिंतीतून नुकत्याच बाहेर पडताहेत असं वाटतं. जवळून पाहिलं की तुकड्यांमधल्या फटी दिसतात. हे त्रेन्काडिस, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या चायना मोझॅकचं सख्खं भावंड. गोलाईवर अख्खी फरशी नीट बसत नाही, कडा उचलल्या जातात; फोडलेला तुकडा वळणाबरोबर वळतो. बाल्कनीतल्या खांबांवरची फुलं याच रीतीची, आणि दोन खांब सारखे नाहीत.

जिन्याच्या कठड्याकडे कुणी फारसं बघत नाही, पण तिथे थांबावंच. पिवळ्या काचेच्या दांड्या, आणि आत पिळाची लोखंडी सळई.

फोटोत हमखास चुकतं ते हे: सभागृह अंधारं, छत लख्ख. कॅमेरा अंधाराचं माप धरतो आणि काच पांढरी फटक येते. फोकस काचेवर धरून उजेड कमी करावा.

बाहेरचं दर्शनी शिल्प गल्लीतून धड दिसत नाही, गल्ली फार अरुंद. समोरच्या कोपऱ्यावर जाऊन मान वर करायची. मेट्रो उर्किनाओना, तिथून चालत.

मैफलीचं तिकीट काढताना वरच्या मजल्याच्या कडेच्या जागा टाळाव्यात, रंगमंचाचा एक भाग कापला जातो. जूनमध्ये रात्री आठच्या कार्यक्रमाला मात्र बाहेर अजून उजेड असतो, म्हणजे काचेचे रंग तेव्हाही दिसतात.