अर्धं शटर

"मग आधी सांगायचं ना!" काका त्या मुलीवर ओरडले आणि रिकामी पिशवी झटकत निघून गेले.

आज संध्याकाळी, कर्वे रोडवर. पावसाचं पाणी मीटर पॅनेलमध्ये शिरलं म्हणून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. बाहेर साधा कागदही चिकटवलेला नाही. सांगायला ही एकटी.

मी रिक्षासाठी वीसेक मिनिटं तिथेच उभी होते. येईल त्याला ती तेच सांगत होती, "सॉरी, लाइट गेलीय, उद्या या." एकाला फक्त दूधच हवं होतं. एक बाई तर वाकून आत बघून आल्या, जणू ही खोटंच बोलतेय.

गर्दी ओसरल्यावर तिने शटरला पाठ टेकली, चप्पल काढली आणि टाच दाबत राहिली. "सकाळी दहापासून उभी आहे, ताई."

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला. कायदा करावा लागला, हेच मला लागतं. बसणं ही काय मागायची गोष्ट आहे?

शेजारच्या चहावाल्याकडून मी स्टूल आणून दिलं. ती बसली नाही.

"सर बघतील," म्हणाली.