संबळाच्या मागे चित्र

संबळाच्या ठेक्यावर पडद्यावर ओव्यांची अक्षरं सरकवायची होती, आणि ठेका व चित्र जुळवण्याबद्दल एडिटरचं म्हणणं तसं बिनतोड होतं. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा. लय मिनिटाला 100 मात्रांची ठेवली तर प्रत्येक मात्रा 15 फ्रेमवर नेमकी बसते. 120 ठेवली तर साडेबारावर, म्हणजे दर दुसरी मात्रा दोन फ्रेमांच्या मध्ये लटकणार. तेव्हा शंभरची क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टकटक, संबळवाल्या मामांच्या कानात सोडायची, की काम फत्ते.

मामांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "देवी काय घड्याळ बघून येती का रं?"

मी भजनात पेटी वाजवत वाढलो, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, मग जिंगल्स. जिंगलमध्ये क्लिकशिवाय पान हलत नाही. पण गोंधळ संथ सुरू होतो आणि चढत जातो. तो चढ काढून घेतला तर उरतो नुसता ठेका, आणि तो माझ्या कीबोर्डातही आहे. त्यासाठी मामांना कशाला त्रास द्यायचा?

विषय होता अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या संतकवीने भल्यामोठ्या लांब कापडावर ओव्या लिहून काढल्या. मला तर ती पडद्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. मूळ वस्तूला हात लावायचा प्रश्नच नव्हता. एका चित्रकलेच्या सरांकडून मांजरपाटावर बोरूने अक्षरं काढून घेतली आणि स्कॅन केली. ओवीचा चौथा चरण आखूड असतो. तिथे मी सूर तोडले आणि अक्षरं तशीच सरकत ठेवली. चाल लावताना हे कधी सुचलं नसतं, चित्र समोर होतं म्हणून सुचलं.

मग क्लिक बाजूला ठेवून उलटं केलं: मामा वाजवतील तसं चित्र चालवायचं. संबळाच्या दोन्ही भांड्यांना एकेक पिझो माइक, म्हणजे कंपन टिपणारा माइक, चिकटवला आणि त्याचा सिग्नल टचडिझायनर या चित्र जागच्या जागी हलवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. पहिल्यांदा प्रत्येक आघाताला अक्षर उमटवलं, तर द्रुत लयीत पडदा नुसता लुकलुकायला लागला. शेवटी ढाल्या आवाजाच्या भांड्यावर अक्षर, आणि बारीक आवाजाच्या भांड्यावर फक्त शाईचा गडदपणा. एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. त्यात प्रोजेक्टरही थोडा उशीर लावतो. एडिटरचा जीव त्यातच अडकला होता. मला विचाराल तर, काठी आधी पडावी आणि अक्षर किंचित मागून यावं, हेच बरं दिसतं.

संध्याकाळी वाड्याच्या चौकात मांजरपाट ताणला. वाड्याचा काळा दगड उजेड गिळतो, त्यामुळे भिंतीचा नाद आधीच सोडला होता. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावले, मधल्या पट्ट्यात दोन्हींचा उजेड कमी करून सांधा लपवला. मामांनी लय चढवली तशी अक्षरं धावायला लागली. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं, आणि मग मुद्दाम हात थांबवला. पडदा थांबला. पुन्हा एक आघात, एक अक्षर. चौकातली पोरं ओरडायला लागली तसा मामांना चेव आला; ठरलेल्या वेळेच्या दुपटीने वाजवत बसले. एडिटर म्हणाला, "दादा, एवढी अक्षरंच नाहीत आपल्याकडे." पहिली ओवी पुन्हा फिरवली.

आता एका लग्नाच्या गोंधळाला हेच लावाल का म्हणून विचारणा आलीय. मामांनी त्यांचा दर सांगून टाकला, माझ्यापेक्षा जास्त.